पाण्याखालचा पंखा आणि वऱ्हाडातील विहीर

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



१४ सप्टेंबर २०२१ हा दिवस वरुड तालुका सहजासहजी विसरणार नाही. झुंज येथे वर्धा नदीच्या पात्रात नाव उलटली आणि ११ जणांना जलसमाधी मिळाली. बुडालेल्यांचा शोध त्या दिवशी संपला नाही. गढूळ, वाहत्या पाण्यात पथके शोध घेत राहिली आणि काठावर नातेवाईक बसून राहिले. ज्यांनी असा काठ पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की तेथे माणूस सांत्वन मागत नाही. त्याला एकच हवे असते, आपल्या माणसाचा ठावठिकाणा.

हे शोधकार्य वऱ्हाडात आजही प्रामुख्याने माणसाच्या हातांनी होते. अकोला जिल्ह्यातील बार्शिटाकळी तालुक्यात पिंजर येथे संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. नदी, धरण, विहीर, जेथे कोणी बुडाले असेल तेथे या पथकाचे तरुण जातात आणि जिल्ह्याची सीमा पाहत नाहीत. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, हाताने चाचपडतच पुढे जावे लागते. खाली झाडाचे खोड आहे, जुने जाळे आहे की तुटलेल्या मोटारीची केबल आहे, हे आत उतरल्यावरच कळते. शोधणाऱ्याचा जीवही त्याच पाण्यात पणाला लागलेला असतो.

म्हणून आजचा विषय मोटार आणि पंखा यांचा असला, तरी त्याची सुरुवात या काठावरून करणे भाग आहे. पाण्याखाली फिरणारे, दिवा आणि कॅमेरा लावलेले, वायरने काठाशी जोडलेले लहानसे यंत्र घरच्या घरी बनवता येते का, असे अनेक विद्यार्थी विचारतात. बनवता येते. परंतु ते पाण्यात किती जोराने ढकलू शकते, हे मोजल्यावाचून ते कोणाच्या हाती देता येत नाही. आजचे सारे विवेचन या एका मोजणीविषयी आहे.

समुद्रापासून दूर असणे

समुद्र नसलेल्या प्रदेशाने पाण्याखालच्या यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, अशी शंका येईल. अमेरिकेतील फिनिक्स हे शहर वाळवंटात आहे. तेथील कार्ल हेडन या सरकारी शाळेतील, मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतील चार मुलांनी २००४ साली प्लास्टिकच्या नळ्यांपासून एक यंत्र जोडले. पाण्याखालच्या यंत्रांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते उतरवले आणि जगप्रसिद्ध एमआयटी संस्थेच्या संघालाही मागे टाकले. त्यांच्याजवळ समुद्र नव्हता आणि पैसाही बेताचा होता. पण यंत्र पाण्यात उतरवून, चुका हेरून त्या दुरुस्त करण्याची चिकाटी होती.

आपल्या देशातही हे काम परके राहिलेले नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे 'रोसब ६०००' हे दूरनियंत्रित यंत्र २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेले. मुंबईत पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी 'मत्स्य' या नावाची स्वयंचलित जलयाने एकामागून एक बनवली आणि ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नेली. ही मोठी कामे झाली. त्यांच्या मुळाशी असलेली पहिली पायरी मात्र शेतातल्या हौदावरही चढता येते.

शेतकऱ्याच्या तळ्यात झालेला प्रयोग

जहाजाचा मळसूत्री पंखा आज सर्वत्र दिसतो. त्याच्या जनकांपैकी एक, फ्रान्सिस पेटिट स्मिथ, हा इंग्लंडमधील शेतकरी होता. आपल्या शेतातील तळ्यात छोटी नाव सोडून त्याने प्रयोग केले आणि १८३६ साली एकस्व मिळवले. पुढे पॅडिंग्टनच्या कालव्यात मोठ्या नावेची चाचणी घेताना, १८३७ साली, एक अपघात झाला. त्याचा पंखा म्हणजे लाकडाचे दोन वेढ्यांचे लांबट मळसूत्र होते. ते आदळून अर्धे मोडले. नाव आता थांबणार, असे वाटत असता ती अधिक वेगाने धावू लागली. अधिक वेढे म्हणजे अधिक जोर हा समज पाण्याने खोटा ठरवला. स्मिथने ते मान्य केले आणि पुढची रचना बदलली.

यानंतरची चाचणी याहून प्रसिद्ध आहे. चाकाची वल्ही श्रेष्ठ की मळसूत्री पंखा, हा वाद मिटवण्यासाठी ब्रिटिश आरमाराने एप्रिल १८४५ मध्ये 'रॅटलर' आणि 'अलेक्टो' ही दोन जहाजे पाठीला पाठ लावून दोराने बांधली. पंख्याच्या 'रॅटलर'ने चाकांच्या 'अलेक्टो'ला उलटे ओढत नेले. लोकांचे समाधान झाले. परंतु ओढाओढीच्या वेळी दोन्ही इंजिने सारखी शक्ती देत नव्हती, 'रॅटलर'चे इंजिन अधिक जोर लावत होते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तात्पर्य असे की किती ओढले एवढेच मोजून भागत नाही. त्यासाठी किती खर्चले, हेही त्याच क्षणी मोजावे लागते.

मोटार कोणती?

वऱ्हाडात पाण्यातील मोटार ही नवलाईची वस्तू नाही. कूपनलिकेतील सबमर्सिबल मोटार खाली सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी भरावे लागते, हे येथील शेतकऱ्याला आणि रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराला चांगले ठाऊक आहे. तिच्या वेटोळ्यांची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते आणि पाणी हेच तिचे वंगण आणि तेच तिचे शीतक. पाण्याला बाहेर ठेवण्याचा खटाटोप न करता पाण्यालाच आत जागा द्यावी, हा त्यामागचा विचार आहे.

लहान जलयंत्रांच्या क्षेत्रात आज जी ब्रशविरहित मोटार वापरतात, तिच्यातही हाच विचार आहे. वेटोळ्यांवर राळेचे आवरण, प्लास्टिकचे बेअरिंग आणि सगळीकडून मोकळे वाहणारे पाणी. खोलीबरोबर वाढणारा दाब तिला चिरडत नाही, कारण चिरडायला आत हवेची पोकळीच नसते. दर दहा मीटरला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर या हिशेबाने दाब वाढतो. हवाबंद डब्यातील मोटारीचे सील मात्र त्यापुढे हळूहळू हार मानते.

नवशिक्याने नावेतील पाणी उपसणाऱ्या १२ व्होल्टच्या लहान पंपाची मोटार घ्यावी. ती मुळातच पाण्यासाठी बांधलेली असते. पुढचे पाते काढून तेथे पंखा बसवला की काम सुरू होते. घरातील कूलरचा पंप मात्र या प्रयोगाला कदापि घेऊ नये. तो घरगुती २३० व्होल्टवर चालतो आणि उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यात उतरलेला प्रवाह जीव घेतो, हे वऱ्हाडात सांगण्याची गरज नाही. पाण्यातील प्रयोगासाठी १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या धन टोकाशी फ्यूज आणि सोबतीला दुसरा माणूस, या तीन गोष्टींवाचून सुरुवात करू नये.

तरफ आणि काटा

मोजणीची रचना अगदी साधी आहे. हौदाच्या कडेवर आडवी पट्टी टाकावी. तिच्यावर मध्ये खुंटीवर झुलणारा एक उभा दांडा बसवावा. खालच्या टोकाला मोटार आणि पंखा, वरच्या टोकाला दोरी, आणि दोरीला भाजीबाजारात मिळतो तसा हुकाचा काटा. पंखा पाण्याला मागे ढकलतो, दांड्याचे खालचे टोक पुढे जाऊ पाहते, वरचे मागे सरते आणि काटा ताणला जातो.

येथे तरफेचा हिशेब विसरू नये. खुंटीपासून मोटार ६० सेंटीमीटर खाली आणि काटा ३० सेंटीमीटर वर असेल, तर काटा प्रत्यक्ष जोराच्या दुप्पट दाखवील. काट्यावर १.२ किलो आले, म्हणजे पंख्याचा जोर ०.६ किलो. हा भागाकार न केल्यामुळे आपले यंत्र दुप्पट बलवान आहे असे मानणारे पुष्कळ असतात.

आणि काटा आधी तपासावा. कापूस विकणाऱ्या मुलखाला 'काटा मारणे' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. एक लिटर पाणी मोजून पिशवीत भरावे, त्याचे वजन एक किलो भरले पाहिजे. व्यापाऱ्याने मारलेला काटा दुसऱ्याला फसवतो, प्रयोगशाळेतला खोटा काटा आपल्यालाच फसवतो.

काट्याबरोबर दोन मीटर हवेत, एक प्रवाह मोजणारा आणि एक व्होल्टेज मोजणारा. व्होल्टेज बॅटरीपाशी न मोजता मोटारीपाशी मोजावे. समजा, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर लांब आहे. प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्याने त्याची वाट ४० मीटरची होते. तिचा रोध साधारण ०.४६ ओहम. मोटार १० अँपिअर ओढत असेल, तर वाटेतच साडेचार व्होल्टहून अधिक गळून जातात आणि १२ पैकी मोटारीला साडेसात व्होल्टही मिळत नाहीत. रोहित्रापासून लांब असलेल्या शेतात मोटार का घुमते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे गणित नवे नाही. काठावर जोमदार वाटणारा पंखा लांब वायरीच्या टोकाला मलूल होतो. म्हणून चाचणी पूर्ण लांबीची वायर जोडूनच घ्यावी.

पंख्याची निवड

दोन पंख्यांची तुलना अशी करावी. समजा, मोटारीपाशी १२ व्होल्ट असताना पाच सेंटीमीटर व्यासाचा पंखा ६ अँपिअर घेऊन अर्धा किलो जोर देतो. म्हणजे ७२ वॉटला ५०० ग्रॅम, दर वॉटमागे सुमारे ७ ग्रॅम. साडेसात सेंटीमीटरचा दुसरा पंखा ४.५ अँपिअर घेऊन ०.६ किलो देतो. म्हणजे ५४ वॉटला ६०० ग्रॅम, दर वॉटमागे ११ ग्रॅम. दुसरा पंखा अधिक ढकलतो आणि बॅटरीही अधिक वेळ पुरवतो.

यामागचे तत्त्व असे की थोडे पाणी वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे स्वस्त पडते. आदर्श स्थितीत तेवढीच शक्ती ठेवून व्यास दुप्पट केला, तर जोर दीडपटीहून थोडा अधिक होतो. उलट तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला, तर जोर चौपट होतो खरा, पण शक्ती आठपट लागते. याचा अर्थ वाटेल तेवढा मोठा पंखा लावावा असा नव्हे. मोटारीच्या कुवतीबाहेरचा पंखा तिला अडवून धरतो, प्रवाह वाढतो आणि वेटोळी जळतात. म्हणून प्रत्येक पंखा दहा मिनिटे सलग चालवून प्रवाह स्थिर राहतो का, ते पाहावे. हवेसाठी बनवलेला विमानाच्या खेळण्याचा पंखा पाण्यात चालवणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण पाणी हवेच्या आठशेपट घन आहे.

पंख्याभोवती नळीसारखे कडे बसवले, तर एका जागी उभे राहून ओढताना जोर वाढतो. जर्मनीतील लुडविग कॉर्ट याने १९३०च्या दशकात हे कडे प्रचारात आणले. आपल्या कामी त्याचा दुसराही उपयोग आहे. जलपर्णी, जाळी आणि शोधणाऱ्याची बोटे त्यामुळे पात्यांपासून दूर राहतात. दोन आडव्या मोटारी असतील, तर एक पंखा उजव्या आणि एक डाव्या वळणाचा घ्यावा, म्हणजे यंत्र स्वतःभोवती कलंडत नाही. मोजणी पुढे आणि मागे अशी दोन्ही दिशांनी करावी. कॅलिफोर्नियातील ब्लू रोबोटिक्स या कंपनीच्या प्रसिद्ध टी-२०० मोटारीचा जोर १६ व्होल्टला पुढे सुमारे ५ किलो आणि मागे सुमारे ४ किलो आहे. तिची खरी कीर्ती अशी की निरनिराळ्या व्होल्टेजला किती प्रवाह आणि किती जोर, याची कोष्टके कंपनीने सर्वांसाठी खुली केली.

पाणी कोणते?

बादलीत किंवा पिंपात चाचणी घेऊ नये. तेथे पंख्याने फेकलेले पाणी भिंतीला आपटून पुन्हा पंख्याकडे येते आणि काटा भलतेच आकडे दाखवतो. लांब हौद किंवा शेततळे चांगले. पंखा पृष्ठभागाजवळ ठेवला तर भोवरा पडून तो हवा ओढतो, आवाज वाढतो आणि जोर कोसळतो. म्हणून तो निदान हातभर खाली असावा. प्रत्येक आकडा तीनदा घ्यावा. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरला की कडेला धरायला काही नसते. काठावर खुंटीला बांधलेला दोर सोडलेला असल्याशिवाय तेथे उभे राहू नये. खोल विहिरीत तर मोजणीसाठी कोणी उतरूच नये. यंत्र दोराने सोडावे आणि माणसाने वर राहावे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ही या बाबतीत अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांची वेगळी परीक्षा आहे. गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकलेला जोड खाऱ्या विहिरीत लवकर गंजतो, कारण खारे पाणी वीज अधिक सहज वाहून नेते आणि उघड्या तांब्याला खाऊन टाकते. त्यामुळे एकच मोटार गोड्या पाण्यात आणि खाऱ्या पाण्यात, दोन्हीकडे तपासावी. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावी आणि आठ दिवसांनी तीच मोजणी पुन्हा करावी. पहिल्या दिवशीचा आकडा महत्त्वाचा, पण आठव्या दिवशीचा त्याहून महत्त्वाचा.

आकडा कशासाठी?

आता या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन. समजा, यंत्राची समोरची बाजू साधारण ३३ सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे एक दशांश चौरस मीटर आहे. सेकंदाला एक मीटर वाहणाऱ्या पाण्यात अशा ठोकळ्यावर सुमारे ५ किलोचा रेटा येतो. पाणी दुप्पट वेगाने वाहू लागले की रेटा दुप्पट होत नाही, तो चौपट होतो, म्हणजे २० किलो. आपल्या दोन मोटारींचा एकत्र जोर १.२ किलो. म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरचा प्रवाहसुद्धा या यंत्राला पुरेसा आहे, त्यापुढे ते वाहून जाईल. मागे ओढली जाणारी वायर धरली, तर मर्यादा याहूनही खाली येते.

हा हिशेब निराश करण्यासाठी मांडलेला नाही. विहीर, शेततळे, तलाव आणि धरणाचे स्थिर पाणी येथे हे यंत्र उपयोगी पडू शकते. तेथेही पंख्याने तळाचा गाळ उडाला तर कॅमेरा आंधळा होईल, म्हणून तळापासून वर राहून सावकाश चालवावे लागेल. पुराच्या वर्धेत किंवा पूर्णेत मात्र ते टाकू नये. टाकले, तर यंत्र जाईल. त्याहून वाईट म्हणजे ते सोडवायला कोणी तरुण पाण्यात उडी घेईल. झुंजसारख्या काठावर उभे राहून 'आमचे यंत्र शोधून देईल' असे म्हणणे म्हणजे बसलेल्या नातेवाइकांना शब्द देणे आहे. न मोजता दिलेला असा शब्द हा अपराध आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. एका वहीत प्रत्येक पानावर मोटार, पंखा, वायरीची लांबी, मोटारीपाशी व्होल्टेज, प्रवाह, काट्याचा आकडा, तरफेचे माप, पाणी गोडे की खारे आणि तारीख, एवढे लिहावे. मोडलेल्या पंख्याचे आणि जळलेल्या मोटारीचे पान फाडू नये. रिवाइंडिंगच्या कारागिराला ती वही दाखवावी, तो वेटोळ्याच्या रंगावरून जळण्याचे कारण सांगेल. त्यानंतर ती घेऊन एखाद्या शोधपथकाच्या प्रमुखाकडे जावे आणि यंत्र दाखवण्याआधी शेवटचे पान उघडावे. त्यावर दोनच ओळी पुरेत, हे यंत्र कोणत्या पाण्यात उतरवावे आणि कोणत्या पाण्यात उतरवू नये.

पिंजरच्या तरुणांसारखे जे पाण्यात उतरतात, ते आपल्या ताकदीचा अंदाज वर्षांच्या अनुभवाने बांधतात. त्यांच्या हाती जाणाऱ्या यंत्राची ताकद त्यांना आधी माहीत असली पाहिजे. हौदाच्या काठावर, साध्या हुकाच्या काट्याने ती मोजता येते.